लॉकपोर्टचा खडक
आज सुट्टी होती तर दुपारभर अमेरिकन चित्रकार जॉर्ज कॅटलिनचं लॉकपोर्ट गावचं चित्र झूम करून बघत बसले. १८२५ सालची शिळाछाप आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या एरी कालव्याचं तिथलं खोदकाम. लँडस्केप म्हणावं तर झाडं-डोंगर बाजूलाच राहतात, नजर जाते ती थेट फोडलेल्या खडकाच्या भिंतींवर आणि दगड उचलणाऱ्या लाकडी क्रेनवर, त्या घोडे ओढायचे म्हणे!! १८१७ ते १८२५, ३६३ मैल कालवा, डायनामाइट नव्हतंच तेव्हा, बंदुकीची दारू ठासून सुरुंग लावायचे आणि त्यात कितीतरी आयरिश मजूर होते. कॅटलिन पुढे अमेरिकेतल्या आदिवासींच्या पोर्ट्रेट्समुळे गाजला, पण मला हेच चित्र जास्त आवडलं, कारण इथे उद्घाटन नाहीये, काम चालू आहे. ही माणसं इतकी बारीक का काढली असतील, चेहरेच दिसत नाहीत कुणाचे, वाईट वाटलं खरंच.