रात्री तीन वाजता अलार्म कोण उचलणार?

आमचा एक फिटर रात्रपाळीत पंपहाऊसच्या लोखंडी जिन्यावरून घसरला आणि पाय मोडून तिथेच पडून राहिला. सकाळची पाळी येईपर्यंत कुणाला पत्ता नाही. भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "साहेब, फोन चार पायऱ्या खाली पडला होता. वाजत होता, दिसत होता, पण हात पोचत नव्हता." तो फोन मीच करत होतो. उचलत नाही म्हणजे कामात असेल असं धरून मी झोपून गेलो होतो. एकट्याने ड्यूटी करणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी सेवा आणायचं काम त्यानंतर मी स्वतःहून मागून घेतलं.

तीन कंपन्यांचे डेमो झाले. तिघांनीही आधी नकाशा दाखवला, त्यावर हलणारे ठिपके दाखवले. माझा प्रश्न एकच होता: रात्री तीन वाजता अलार्म वाजला तर तो कोण उचलणार? दोघांचं उत्तर होतं, सुपरवायझरला मेसेज जाईल. म्हणजे मला. झोपलेल्या मला! तिसऱ्या कंपनीचं चोवीस तास माणसं बसवलेलं केंद्र होतं. ब्रिटनमध्ये अशा सेवांसाठी बीएस ८४८४ नावाचं मानक २००९ पासून आहे. त्यात उपकरणाइतकाच अलार्म घेणाऱ्या केंद्राचाही विचार केलेला आहे. ते वाचल्यावर आपला प्रश्न बरोबर होता याची खात्री पटली.

पद्धत साधी आहे. कामाला लागताना ॲपवर टायमर लावायचा आणि वेळ संपायच्या आत "ठीक आहे" दाबायचं. नाही दाबलं तर फोन आधी आपल्यालाच हाका मारतो, मग केंद्र फोन करतं, मग यादीतल्या माणसांना उठवतं. शिवाय जोराचा धक्का बसून नंतर काहीच हालचाल झाली नाही, तर फोनमधला सेन्सर आपणहून अलार्म देतो. धमकावून कुणी अलार्म बंद करायला लावला, तर त्यासाठी वेगळा पिन असतो. तो टाकला की समोरच्याला बंद झाल्यासारखं दिसतं आणि केंद्राला मात्र खरं कळतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो फोनच्या बॅटरीने. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून पडून असलेल्या फोनमधली ॲप्स झोपवली जातात आणि काही कंपन्यांचे फोन त्यावर आणखी कडक बचत लादतात. आमच्या दोन जणांच्या फोनवर ॲप गुपचूप बंद पडलं होतं, आणि ते दोघे आपल्यावर कुणाची तरी नजर आहे या भरवशावर खाली चेंबरमध्ये उतरत होते. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीला विचारलं, टायमर फोनमध्ये चालतो की तुमच्या सर्व्हरवर? सर्व्हरवर असेल तर फोन मेला तरी वेळ संपल्यावर अलार्म होणारच. सर्व्हरवर, असं ते म्हणाले. तरी मी टायमर लावून फोन पूर्ण बंद केला आणि बसून राहिलो. वेळ संपली आणि दुसऱ्या नंबरवर केंद्राचा फोन आला. मगच सही केली. तुम्ही अशी सेवा घेत असाल तर ही चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

चेंबरमध्ये जीपीएस पोचत नाही. सॅटेलाइट उपकरणाचाही उपयोग नाही, कारण त्याला उघडं आभाळ लागतं. म्हणून उतरण्याआधीच लिहायचं ठरवलं: "खालचा चेंबर, व्हॉल्व्ह, ४० मिनिटं." तेवढ्या एका ओळीवर शोधणारा माणूस थेट तिथे जाऊ शकतो.

माणसांची शंका वेगळीच होती. "मग आम्ही कुठे किती वेळ बसलो तेही तुम्हाला दिसणार का?" रास्त प्रश्न होता. ठिकाण फक्त पाळीपुरतं आणि तेही अलार्म झाल्यावरच केंद्राला दिसेल, अशी सेटिंग सगळ्यांसमोर बसून लावली. रोजच्या हालचालींचा अहवाल मी घेणार नाही, हे लिहून दिलं.

शेवटी सराव. केंद्रातल्या प्रमुखाला कल्पना दिली आणि मी त्याच जिन्यावर आडवा झालो. पाठीला पायरीची गार कड रुतत होती. हातभर अंतरावर फोन थरथरत होता, मग त्यातून आवाज आला, "हॅलो, ऐकू येतंय का? तुम्हाला लागलंय का?" ठरल्याप्रमाणे गप्प राहिलो, पण त्या आवाजाने घसा दाटून आला. थोड्याच वेळात शेजारच्या स्टेशनचा ऑपरेटर आला आणि फाटकापाशीच अडकला. कुलूप आतून होतं. किल्ली माझ्या कमरेला.

आठवडाभरात सगळ्या फाटकांबाहेर नंबरच्या कुलपाची किल्लीपेटी बसली आणि तिचा नंबर केंद्राकडच्या प्रत्येक ठिकाणाच्या नोंदीत गेला. सराव पुन्हा घेतला, तेव्हा ऑपरेटर ११ मिनिटांत जिन्यापाशी होता. पायाचं प्लास्टर निघाल्यावर आमचा फिटर रात्रपाळीला परतला. पहिल्या रात्री उतरण्याआधी त्याने ती पेटी स्वतः उघडून पाहिली, किल्ली परत ठेवली आणि टायमर लावला.