पंप, उजेड आणि सगळ्यात हळू गडी: उत्तर ओंटारियोत स्नोमोबाईलची सहल आखताना

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, टोरंटोहून साधारण सातशे किलोमीटर उत्तरेला कॉक्रेन नावाचं गाव आहे. तिथून महामार्ग ११ पश्चिमेला वळतो आणि स्मूथ रॉक फॉल्स, मूनबीम, कापुस्केसिंग, मॅटिस अशी गावं घेत हर्स्टला पोचतो. हिवाळ्यात या पट्ट्यात रस्त्याच्या बाजूने आणि जंगलात आत दूरवर स्नोमोबाईलचे, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीचे, ट्रेल तयार केले जातात. ओंटारियोत असे तीस हजार किलोमीटरांहून जास्त ट्रेल आहेत. ते सांभाळतात गावोगावचे क्लब, बहुतेक स्वयंसेवकांच्या जिवावर, आणि या क्लबांचा महासंघ म्हणजे ओ.एफ.एस.सी. (ओंटारियो फेडरेशन ऑफ स्नोमोबाईल क्लब्ज). स्नोमोबाईलला इथे सगळे ‘स्लेड’ म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, बसायची ढब बाईकची आणि थ्रॉटल उजव्या अंगठ्याने दाबायचा.

बाईकवर फिरलेली माणसं सहल आखायला बसली की नकाशा उघडतात, एकूण किलोमीटर मोजतात आणि दिवसांनी भागतात. इथे हे गणित फसतं. दिवस किती लांबीचा ठेवायचा हे तीन गोष्टी ठरवतात: दोन पंपांमधलं अंतर, उजेडाचे तास आणि ग्रुपमधला सगळ्यात हळू चालवणारा माणूस.

आधी पेट्रोल. मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावरचा ३६५ किलोमीटरचा बोर्ड ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. स्लेडची टाकी साधारण ३५ ते ४५ लिटरची असते. फोर-स्ट्रोक इंजिन निवांत चालवलं तर शंभर किलोमीटरला दहा-अकरा लिटरमध्ये भागतं, टू-स्ट्रोक जोरात पळवलं तर पंधरा किंवा त्याहूनही जास्त पितं. हिशेब ग्रुपमधल्या सगळ्यात खादाड स्लेडचा धरायचा. टाकी ३८ लिटर आणि खप १५ असेल तर कागदावर अडीचशे किलोमीटर होतात, पण त्यातले पाऊणच आपले समजायचे, म्हणजे १९०. रात्रभर ताजा बर्फ पडला, पट्टा रुतत चालला की उरलेला पाव भाग त्यातच जातो. दोन पंपांमधलं अंतर १९० च्या वर जात असेल तर मान्यताप्राप्त कॅन बाहेर, मागच्या रॅकवर बांधून न्यायचा. पाठीवरच्या सॅकमध्ये पेट्रोल कधीही नको.

महामार्गाजवळच्या ट्रेलवर ही अडचण फारशी येत नाही, कारण कॉक्रेन ते कापुस्केसिंग रस्त्याने १२० किलोमीटर आणि तिथून हर्स्ट शंभरच्या आत. ट्रेल वळसे घेत जातो, म्हणून जरा जास्त धरा. खरी परीक्षा अबिटिबी कॅन्यनच्या धरणाकडे जाणाऱ्या फेरीत आहे. स्मूथ रॉक फॉल्सहून फ्रेझरडेलपर्यंतचा महामार्ग ६३४ च पाऊणशे किलोमीटरचा, आणि वाटेत गाव म्हणावं असं काही नाही. तिकडे जायचं असेल तर त्या हंगामात वाटेत पेट्रोल मिळतंय का, हे स्थानिक क्लबला फोन करून विचारायचं. गावातले पंपही रविवारी कधी उघडतात हे मोटेलवाल्याकडून आदल्या दिवशीच कळून घ्या.

आता उजेड. जानेवारीअखेर इथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ट्रेलवरची वेगमर्यादा, वेगळी पाटी नसेल तर, ताशी ५० किलोमीटर. १८० किलोमीटरचा दिवस धरला तर प्रत्यक्ष चालवण्याचे चार-साडेचार तास, जेवणाचा एक, पेट्रोलचे दोन थांबे मिळून पाऊण, आणि सहा जणांचे ग्लोव्हज काढ, काच पूस, फोटो काढ यातच आणखी पाऊण तास. नऊला निघालात तर चार वाजले. एक ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या पट्ट्याला देणारा बेल्ट, तुटला की अंधार. म्हणून नवख्यांच्या ग्रुपने १५० च्या पुढे जाऊच नये. सरावलेल्यांनी सव्वादोनशे-अडीचशे करावेत, पण पहिल्या दिवशी नाही.

नव्या ग्रुपला माझा सल्ला सरळ आहे: गावोगाव मुक्काम बदलत जाण्यापेक्षा कापुस्केसिंगसारख्या ठिकाणी एकाच मोटेलात तीन-चार रात्री राहा आणि रोज वेगळ्या दिशेला फेरी मारा. सामान वाहायचं नाही, ओले कपडे वाळवायला खोली आहे, आणि पारा उणे ३५ वर गेला तर तो दिवस सोडून देता येतो. मुक्काम बदलत जाणाऱ्या सहलीत पुढचं बुकिंग डोक्यावर बसलेलं असतं, त्यामुळे नको त्या हवेत निघावं लागतं. बुकिंग करताना चार गोष्टी विचारा: ट्रेलवरून थेट मोटेलपर्यंत येता येतं का, गाडी आणि ट्रेलर ठेवायला जागा आहे का, गाडीच्या ब्लॉक हीटरसाठी (इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरसाठी) बाहेर प्लग आहे का, आणि ट्रेल बंद झाले तर पैसे परत मिळतात का.

हंगाम म्हणाल तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्याआधी दलदल आणि तळी नीट गोठलेली नसतात. महासंघाच्या ऑनलाईन नकाशावर ट्रेल हिरवा, पिवळा किंवा लाल दिसतो. हिरवा म्हणजे खुला. पिवळा म्हणजे मर्यादित खुला, तिथे बर्फ कमी किंवा काम अर्धवट असू शकतं. लाल म्हणजे बंद, आणि तिथे ‘जाऊन तर बघू’ चालत नाही. बरेच ट्रेल खासगी जमिनींवरून मालकांच्या परवानगीने जातात. एका ग्रुपने शेतात स्लेड घातली आणि मालक चिडला, तर तो तुकडा सगळ्यांसाठीच बंद होतो.

परमिट माणसाचं नसतं, स्लेडचं असतं. पूर्ण हंगामाचं मिळतं, काही दिवसांचंही मिळतं. हंगामाचं नोव्हेंबर उजाडायच्या आत घेतलं तर स्वस्त पडतं. स्लेडची नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याचं लायसन्स सोबत लागतं, हेल्मेट सक्तीचं. दारूचे नियम गाडीसारखेच, आणि पोलीस ट्रेलवर उभे असतात. भारतातून आलेल्या पाहुण्याला भाड्याची स्लेड घेऊन देणार असाल तर त्याचं लायसन्स दुकानाला चालतं का, हे बुकिंगपूर्वी विचारा. त्याची प्रवास विम्याची पॉलिसीही उघडून वाचा. अनेक पॉलिसींमध्ये स्नोमोबाईल साहसी खेळ म्हणून वगळलेली असते.

स्लेडची तयारी घरून निघण्याआधी, ट्रेलवर नाही. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना हायफॅक्स म्हणतात. त्यांना थंड ठेवतो तो उडणारा भुसभुशीत बर्फ. ट्रेल काचेसारखा कडक झाला की बर्फ उडत नाही, हायफॅक्स वितळू लागतात, जळक्या प्लास्टिकचा वास येतो आणि पाठोपाठ इंजिनही तापतं, कारण त्याचा कूलंटही त्याच बर्फावर थंड होतो. यावर उपाय म्हणजे स्क्रॅचर: खालच्या रुळांना लावलेल्या स्प्रिंगच्या काड्या, ज्या कडक पृष्ठभाग खरवडून बर्फाचा चुरा वर उडवतात. भाड्याची स्लेड घेताना त्या आहेत का, हे वाकून बघा. स्कीखालच्या कार्बाइडच्या धारेवर बोट फिरवून बघा. ती गुळगुळीत झाली असेल तर वळणावर हँडल वळतं आणि स्लेड सरळ जाते.

सगळ्यात जास्त दगा देतो तो ड्राइव्ह बेल्ट. त्याच पार्ट नंबरचा जादा बेल्ट प्रत्येक स्लेडमध्ये हवा. ‘ग्रुपमध्ये एक आहे’ यावर विसंबू नका, कारण प्रत्येक मॉडेलचा बेल्ट वेगळा. इंजिनचे आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, रबराचा वास येतो, तेव्हा लगेच थांबायचं. किल्ली बंद करा, सुरक्षेची दोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी) काढा, बाजूचं झाकण आणि बेल्टवरचं कव्हर उघडा. मागचा क्लच सोबतच्या अवजाराने फाकवून जुना बेल्ट काढा. मग बहुतेक जण जी घाई करतात ती टाळा: तुटलेल्या बेल्टचा प्रत्येक धागा, प्रत्येक तुकडा क्लचभोवतून वेचून काढा. एक दोरा आत राहिला तर नवा बेल्ट दहा किलोमीटरही टिकत नाही. नवा घातल्यावर पहिले पन्नास किलोमीटर थ्रॉटल पूर्ण दाबायचा नाही. हे सगळं गॅरेजमध्ये, उजेडात, उघड्या हातांनी दोनदा करून बघा. उणे पंचविसात पहिला प्रयोग नको.

बेल्ट जळण्याची नेहमीची वेळ म्हणजे सकाळ. रात्री पट्ट्यात अडकलेला ओला बर्फ गोठून दगड होतो. माणूस इंजिन चालू करतो, थ्रॉटल दाबतो, पट्टा हलत नाही, बेल्ट जागच्या जागी घासतो. म्हणून संध्याकाळीच स्लेडची मागची बाजू उचलून, हळू फिरवून, पट्टा मोकळा करायचा आणि शक्य असेल तर लाकडी फळ्यांवर उभी करायची. सकाळी आधी स्की डावी-उजवीकडे हलवून सोडवा, मागून उचलून आपटा, इंजिन पाचेक मिनिटं गरम होऊ द्या आणि मगच निघा. फिरत्या पट्ट्यामागे कुणी उभं राहता कामा नये. बर्फाचे गोळे आणि पट्ट्याचे खिळे गोळीसारखे सुटतात.

ग्रुप चार ते सहाचा बरा. आठच्या वर गेलात तर दोन तुकड्या करा. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असणारा, सगळ्यात मागे दुरुस्ती येणारा अनुभवी माणूस, आणि सगळ्यात हळू चालवणारा पुढच्याच्या लगेच मागे. हा क्रम लोकांना उलटा वाटतो, पण हळू माणूस शेवटी ठेवला तर तो पोचेपर्यंत बाकीचे विश्रांती घेऊन निघायच्या बेतात असतात. तो कधीच थांबत नाही आणि चौथ्या तासाला झाडावर आदळतो. पुढच्या स्लेडचा उडणारा बर्फ खाली बसेल एवढं अंतर ठेवा. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची: फाट्यावर थांबायचं, मागचा दिसला आणि त्याने आपलं वळण पाहिलं की पुढे. एवढा एक नियम पाळला तर कुणी हरवत नाही.

उजवीकडूनच चालवा, आंधळ्या वळणावर तर काटेकोरपणे. लाकडाच्या ट्रकांचे रस्ते जिथे ओलांडावे लागतात तिथे पूर्ण थांबा. भरलेला ट्रक तुमच्यासाठी थांबू शकत नाही. ट्रेल सपाट करणारं ग्रूमर समोर आलं तर बाजूला घेऊन उभे राहा. ते बरेचदा रात्री चालतं, कारण दाबलेला बर्फ थंडीत काही तास घट्ट व्हावा लागतो. त्याच्या मागोमाग स्लेड घातली तर सगळी मेहनत वाया. आणि मूस! हरणाच्या कुळातलं हे घोड्याएवढं जनावर खोल बर्फ टाळून ट्रेलवरूनच चालतं. थांबा, इंजिन बंद करा, त्याला जाऊ द्या.

तळ्यावर खुणेच्या काठ्यांची वाट सोडून जायचं नाही. रेडक्रॉस स्नोमोबाईलसाठी २५ सेंटीमीटर घट्ट, पारदर्शक बर्फ सांगतं. पांढरट बर्फ निम्म्याच ताकदीचा. त्याहून नेहमीचा त्रास स्लशचा, म्हणजे पाणी मिसळलेल्या बर्फाचा. बर्फाच्या वजनाने तळ्याचा बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि वरच्या मऊ बर्फाखाली लपून राहतं. स्लेड जड झाल्यासारखी वाटली की थांबू नका, थ्रॉटल तसाच ठेवून घट्ट जागेपर्यंत जा. थांबलात की पट्टा तिथेच गोठतो.

कपड्यांत सुती काही नको, अगदी बनियनसुद्धा. हवा उणे २० असेल तर ताशी ५० च्या वेगाला अंगाला ती उणे ३५ सारखी लागते. हेल्मेटची काच विजेवर गरम होणारी घ्या. साध्या काचेवर श्वास गोठतो आणि दिसेनासं होतं. ग्लोव्हजचे दोन जोड ठेवा. बूट घट्ट नकोत, बोटं हलली पाहिजेत. पाण्याची बाटली जॅकेटच्या आत. खायला दशम्या किंवा ठेपले फॉइलमध्ये गुंडाळून तेही आतच. चिक्की बाहेरच्या बॅगेत ठेवली तर दाताला काम लागतं. शाकाहारी असाल तर पुटीनवरची (चीज आणि ग्रेव्ही घातलेल्या फ्राइजवरची) ग्रेव्ही कशाची आहे ते विचारा, बहुतेक ठिकाणी ती मांसाच्या रसाची असते.

दोन गावांमध्ये मोबाईल चालेल असं धरूच नका. ग्रुपमध्ये एक तरी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हवं, आणि ते सामानात नाही, अंगावर. स्लेड एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला पडू शकतो. रोजचा मार्ग आणि परतायची वेळ मोटेलच्या काउंटरवर लिहून द्या.

शेवटचा विषय पैशांचा, आणि तो निघण्याआधीच मिटवा. जंगलातून स्लेड ओढून आणायला दुसरा माणूस बोलावला तर बिल मोठं येतं, परमिटमध्ये ते धरलेलं नसतं आणि विम्यात असेलच असं नाही. ते बिल मालकाचं की सगळ्यांचं? भाड्याच्या स्लेडची नुकसानीची अनामत कोण भरणार? एकाची स्लेड बसली तर बाकीचे पुढे जाणार की परत फिरणार? आणि ज्याची बसली तो गावापर्यंत येणार कसा? एका सीटच्या स्लेडवर दुसऱ्याला बसवणं धोक्याचं असतं, म्हणून सहांत एक तरी स्लेड दोन सीटची घ्या, ओढायचा पट्टा तिच्यावरच ठेवा, आणि ती मागच्या माणसाच्या हाती द्या.