वजन खाली येतंय, घाबरू नका

आज वॉर्डात पुन्हा तोच प्रश्न: "चार दिवस दूध पितोय, तरी वजन कमी कसं?" पोषण पुनर्वसन केंद्रात अंगावर सूज घेऊन आलेल्या मुलाचं वजन आधी उतरतंच. साचलेलं पाणी जातंय ते. पायावर बोट दाबून खड्डा पडतोय का, हे रोज बघायचं.

दुसरी घाई खायला घालण्याची. अतितीव्र कुपोषणात सुरुवातीलाच पोटभर जेवण दिलं तर रक्तातले क्षार बिघडतात, हृदयावर ताण येतो. म्हणून आधी एफ-७५, म्हणजे उपचाराच्या सुरुवातीचं हलकं दूध, किलोमागे दिवसाला १३० मिली. सूज फार असेल तर १००. सहा किलोच्या सूज नसलेल्या बाळाला दर दोन तासांनी ६५ मिली, वाटी-चमच्याने. रात्रीचं पाजणं चुकलं की रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं. लोहाचं औषध या टप्प्यात नाहीच.

भूक परतली, सूज उतरू लागली की हळूहळू एफ-१००, म्हणजे जास्त ताकदीचं दूध. मग किलोमागे रोज १० ग्रॅम वाढ म्हणजे उत्तम, ५ च्या खाली गेली तर कुठेतरी जंतुसंसर्ग लपलाय का ते शोधा. (वजन रोज त्याच वेळी, कपडे काढून. वाळे आज घातले, उद्या काढले, की तक्ता खोटा!)

आणि खेळ! रोज १५ ते ३० मिनिटं. बाटलीत चार खडे, झाकण घट्ट, झाला खुळखुळा. आज एकाने तो हिसकावून घेतला. परवापर्यंत मान वळवत नव्हता.