पंखा बंद केलाय

रात्री पावणेतीनला फोन वाजला आणि स्क्रीनवर बाईंचं नाव दिसलं. मी अंथरुणातूनच विचारलं, "कोण गेलं, बाई?" अकरा वर्षांत रात्रीचा फोन त्यांनी दुसऱ्या कशासाठी केलाच नव्हता. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांच्या सुनेचा आवाज आला, "दादा, बाईच गेल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी. पंखा बंद केलाय."

मी साताऱ्याच्या बाजूला एका नेत्रपेढीत तंत्रज्ञ आहे. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत घरी पोचायचं आणि कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, काढून आणायचा, हे माझं काम. पूर्वी त्यासाठी डॉक्टरच लागायचा. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि आमच्यासारख्या प्रशिक्षितांना परवानगी मिळाली. पण आम्हाला वेळेत कळवणारं कुणी नसेल तर त्या परवानगीचा उपयोग काय? दुःखात बुडालेल्या घराला फोन सुचत नाही. लोणंदजवळच्या त्या गावात ते काम बाई करायच्या. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी हरिपाठ चुकवायचा नाही. गावात कुणी गेलं की आधी त्या घरातल्या बाईजवळ जाऊन बसायच्या, आणि तासाभरानं हळूच विषय काढायच्या.

पहिल्या भेटीत मात्र त्यांनी माझीच परीक्षा घेतली होती. आमच्या पत्रकावर 'मृत्युनंतर नेत्रदान' असं छापलेलं. बाईंनी चष्मा वर सरकवला, लाल पेन काढलं आणि ऱ्हस्व 'त्यु'चा दीर्घ 'त्यू' केला. "मृत्युपत्र ऱ्हस्व, कारण तो समास. नंतर हे शब्दयोगी अव्यय, तिथं दीर्घच. लोकांचे डोळे मागता, आधी स्वतःचे उघडा." छापखानेवाला पुढंही दरवेळी तीच जुनी फाईल काढत राहिला, आणि मीही कधी नेट लावून पाठपुरावा केला नाही. ज्ञानोबांची पालखी लोणंदला मुक्कामाला यायच्या आधी बाई ओसरीवर बसून गठ्ठाच्या गठ्ठा लाल पेनानं दुरुस्त करायच्या. मग पिठलं-भाकरीच्या पंगतीशेजारी टेबल मांडून ती पत्रकं वारकऱ्यांच्या हातात द्यायच्या.

त्या रात्री सालप्याच्या घाटात धो धो पाऊस होता. आषाढी चार दिवसांवर आलेली. गाडीवर बर्फाचा डबा मांडीत धरून बसलेला माझा सहकारी वाटभर एक शब्द बोलला नाही. सव्वाचारला पोचलो.

खोलीत शिरलो आणि मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डोक्याखाली दोन उश्या, पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या. एरवी निम्म्या घरांत पंखा गरगरत असतो आणि बुबुळं कोरडी पडलेली असतात. इथं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून वहीचा कागद चिकटवलेला होता. बाईंचं ते वळणदार अक्षर: 'पंखा बंद. ओला कापूस. डोकं उंच. मग रडा.' खाली माझा नंबर.

बाईंची नणंद तेवढी उंबऱ्यात आडवी बसली. "पुढल्या जन्मी आंधळी येईल ती." हे वाक्य मी दर दोन-चार घरांत ऐकतो, आणि त्याला उत्तर द्यायला शेजारी बाई असायच्या. आज काय बोलावं सुचेना. बाईंचे यजमान, आण्णा, एसटीत कंडक्टर होते. बायकोला तेही 'बाई'च म्हणायचे. ते बहिणीजवळ जाऊन उकिडवे बसले. "आक्का, बाई काय म्हणायच्या ठाऊक आहे ना तुला? पुढल्या जन्मी डोळे देणारा हिशेबात एवढा कच्चा असता, तर त्याच्या दारात चालत गेले नसते." आक्का उठल्या नाहीत, नुसत्या बाजूला सरकल्या. आण्णांनी संमतिपत्रावर सही केली. साक्षीदार म्हणून सही करणारे दोघेही बाईंचे विद्यार्थी. एकानं आपलं नाव दोनदा तपासलं.

कामाला वीसेक मिनिटं लागली. रक्ताचा नमुना घेतला, दोन्ही कॉर्निया गुलाबी द्रावणाच्या बाटल्यांत ठेवले, डोळ्यांवर प्लॅस्टिकची टोपणं बसवून पापण्या मिटल्या. चेहऱ्यात कणाचाही फरक दिसू नये, यात माझी सगळी कारागिरी असते. मी शेकडो वेळा हे केलंय, हात थरथरत नाहीत. त्या पहाटे पापणी मिटवल्यावर मी बाईंचा चष्मा शोधून घडी करून उशाशी ठेवला. कशाला ठेवला, माहीत नाही.

त्या द्रावणात कॉर्निया चार दिवस टिकतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली उजवा उत्तम निघाला. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन झालेल्यांनाही नेत्रदान करता येतं, पण त्यांच्या कॉर्नियातल्या आतल्या थरातल्या पेशी कधी कधी कमी झालेल्या असतात. बाईंच्या तशाच होत्या, दृष्टी देण्यापुरत्या नव्हत्या.

पंधरा दिवसांनी आभाराचं पत्र घेऊन गेलो. कुणाला बसवला हे सांगता येत नाही, हे आण्णांना बाईंकडून पाठ होतं, त्यांनी विचारलं नाही. उजवा एकाला बसला एवढं मी सांगितलं. डाव्याचं सांगताना अडखळलो. घरच्यांना वाटतं, वाया गेला. "तो प्रशिक्षणाला दिला, आण्णा. नवे डॉक्टर त्यावर टाके घालायला शिकतात."

आण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे शिकवायलाच गेला म्हणा की."

सूनबाईंनी चहा आणला. टेबलावरची पत्रकं संपलीत, आणखी आहेत का, असं विचारलं. मी पिशवीतून गठ्ठा काढला. आण्णांनी वरचं पत्रक हातात घेऊन लांब धरलं.

"हा 'त्यु' ऱ्हस्वच आहे की."

"जुना साठा आहे, आण्णा."

"मग नको," त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "नवी छापून आणा."