लाइन-लाइन, सातू

रविवार, रात्री साडेअकरा

पाय गरम पाण्याच्या बादलीत आणि डोक्यात एकच शब्द. कुणाचा राग आलाय म्हणावं तर तसंही नाही. गाइड पोरगा चांगला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात कंपनीचं कार्ड, बोलणं इंग्रजी-तमिळ-मलय असं तिन्ही मिळून. पणजोबा तंजावरकडून रबराच्या मळ्यावर आलेले, म्हणाला. मी तंजावर म्हटल्यावर लगेच आपले व्यंकोजीराजे काढले. त्याला काही ते कळलं नाही. बरंच झालं.

सकाळी आठला क्वालालंपूर दाखवणारी टूरची बस आली. मन्या खाली सोडायला आला तोही कानाला फोन लावूनच. "आई, पुढच्या वेळी नक्की," म्हणाला. त्यावर आज काही लिहीत नाही.

पहिला थांबा मलेशियाच्या राजाचा राजवाडा. तोही बाहेरूनच, फाटकापाशी घोड्यावर बसलेला पहारेकरी, त्याच्याबरोबर फोटोसाठी ही रांग. नऊ राजघराण्यांमध्ये राजेपद पाळीपाळीनं फिरतं, प्रत्येकाला पाच वर्षं. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीपद असंच फिरतं ठेवलंय आणि नऊ मजल्यांत एक माणूस तयार होत नाही, ते आठवून मी एकटीच हसले. शेजारी कुणी असतं तर सांगितलं असतं.

निघायची वेळ झाली. गाइड बसच्या दारात कागद घेऊन उभा राहिला आणि मोठ्यानं मोजायला लागला. "फॅमिली तूजूह, फॅमिली लीमा, कपल दुआ, कपल दुआ, ग्रुप तिगा, लाइन-लाइन सातू!" शेवटचं माझ्याकडे बघत. मला वाटलं, लाइनीत उभं राहायला सांगतोय, सात नंबरच्या. आयुष्यभर मुलांना रांगेत उभं केलेली बाई मी. मुकाट्यानं गेले आणि फोटोच्या रांगेत, एका चिनी शाळेच्या पोरांच्या मागे, पर्स पोटाशी धरून उभी राहिले. पाच मिनिटं गेली असतील. तो धावत आला तेव्हा बसच्या खिडक्यांतून सगळे बघत होते. गुजराती कुटुंबातली धाकटी सून तोंडावर ओढणी धरून हसत होती. हसू दे. मीही हसले असते.

बस सुटल्यावर त्यानं माइकवर उलगडा केला. सातू म्हणजे एक. लाइन-लाइन म्हणजे इतर. "आंटी, आमच्या देशात कुठलाही फॉर्म घ्या, चार चौकोन असतात. मलायू, चीना, इंडिया आणि लाइन-लाइन. तुम्ही फॅमिली नाही, कपल नाही, ग्रुप नाही..." पुढचं वाक्य त्यानं हातानंच पूर्ण केलं. सगळी बस पुन्हा हसली.

यात लागण्यासारखं काय आहे? दुपारपर्यंत मी स्वतःला हेच विचारत होते. माणूस एकटं आहे तर एकटं म्हणणार. पण 'एकटी' वेगळं आणि 'इतर' वेगळं. एकटी म्हटलं की निदान माणूस तरी डोळ्यांपुढे येतं. इतर म्हणजे सगळं मोजून झाल्यावर तळाशी राहतं ते. त्यात यांची ती खिडकीकडची जागा बघून... जाऊ दे.

राष्ट्रीय मशिदीत जरा बरं वाटलं. 1965 सालची इमारत, छप्पर अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखं घड्याघड्यांचं, आत संगमरवराचा गारवा. दारात आम्हा बायकांना जांभळे झगे दिले, डोक्यावर टोपडं जोडलेले. ते घातल्यावर कोण सून, कोण सासू, कोण मनिलाची पोरगी, काही कळेना. गाइड मोजायला लागला आणि दोनदा चुकला. मी मुद्दाम चेन्नईच्या आजींच्या मागे उभी राहिले. मग झगे परत केले आणि मी पुन्हा सातू.

मर्देका मैदानात फार वेळ दिला नाही. 1957 च्या 30 ऑगस्टच्या मध्यरात्री इथे इंग्रजांचा झेंडा उतरला. स्वातंत्र्य आपल्यासारखंच अर्ध्या रात्री. समोर सुलतान अब्दुल समद इमारत, तांबडी वीट, तांब्याचे घुमट, मध्ये घड्याळाचा मनोरा. बघितल्याबरोबर मुंबईचं जीपीओ आठवलं, त्याची धाकटी बहीण म्हणून मोकळी झाले. पाटी वाचली तर 1897. जीपीओ 1913 चं. म्हणजे हीच थोरली. वयावरून मी तरी बोलू नये.

तिथून जवळच संगम. क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्या मिळतात, मधल्या टोकावर 1909 ची जामेक मशीद, पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची, माडांत बसलेली. क्वालालंपूर या नावाचा अर्थच चिखलाचा संगम. मी कराडची. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात तिथे लहानाची मोठी झाले, आम्ही त्याला प्रीतिसंगम म्हणतो. आणि या लोकांनी राजधानीचं नाव सरळ चिखल ठेवलं आणि ते बदललंही नाही. मला आवडलं ते. गाइड सांगत होता, 1857 मध्ये कथील शोधायला सत्त्याऐंशी चिनी मजूर नदीतून वर आले, महिनाभरात तापानं सगळे खलास, अठरा उरले. 1857 म्हटल्यावर माझे कान टवकारले, इतकी वर्षं वर्गात तो सनच शिकवला. आपल्याकडे मेरठ-झाशी पेटत होतं तेव्हा इथे चिखलात पाय रोवून कुणी कथील चाळत होतं. त्या अठरांना कुणी कुठल्या चौकोनात घातलं असेल?

बघा, पुन्हा तेच. दिवसभर असंच चाललं होतं. मारिअम्मनचं देऊळ, 1873 चं, गोपुरावर देवांची ही गर्दी, आणि माझ्या मनात आलं की यातला इतर कोण. चिनी गल्लीत उदबत्तीच्या धुरानं डोळे चुरचुरले. जेवायला शाकाहारी म्हणून पुढ्यात आलेल्या भातावर वाळके मासे बारीक चुरून टाकलेले. "हे फक्त वासापुरते, आंटी." मी काकडी खाल्ली. एका भिंतीवर 'तांडास' अशी पाटी दिसली, तेवढी मात्र कुणाला न विचारता कळली.

दुपारी बाटू केव्हज. तिथला मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, 42.7 मीटर उंच, सोनेरी, हातात वेल म्हणजे त्याचा भाला. बसमधूनच दिसायला लागतो. आणि मी खाली बघायला लागले. अगदी खरं सांगते, मान आपोआप खाली गेली. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका असल्या तर तेवढ्या वेळात दर्शन, एरवी बायकांनी कार्तिकस्वामीकडे बघायचं नाही, हे हाडात मुरलेलं. पर्वतीवर गेलो की आई त्या देवळाकडे पाठ करून उभी राहायची. साठी उलटली तरी मीही.

गाइडला सांगितलं तर तो बघतच राहिला. "का? आमच्याकडे त्याच्या दोन बायका आहेत. वल्ली आणि देवयानै. तैपूसमच्या सणाला हजारो बायका डोक्यावर दुधाचे कलश घेऊन चढतात." आमच्याकडे ब्रह्मचारी आहे तो, मी म्हटलं. "आंटी, मग तुमच्याकडचा कुणी दुसरा असेल," म्हणाला. मी म्हणणार होते, लाइन-लाइन. नाही म्हटलं. पण मान वर करून बघितलं. चांगलं दिसतं हो तोंड. कुमारवयाचं, जरासं हसणारं. आईनं बघायला हवं होतं.

दोनशे बाहत्तर पायऱ्या, 2018 मध्ये एकेक रंग देऊन इंद्रधनुष्यासारख्या केलेल्या. मी शंभराच्या पुढे मोजणं सोडलं आणि एका टप्प्यावर बसले. पर्समधून चिवड्याची पिशवी काढली, गाठ सोडते तोवर माकडानं नेली. लांब नाही गेलं, चार पायऱ्या वर कठड्यावर बसलं आणि पद्धतशीर खायला लागलं. आधी शेंगदाणे. एकेक उचलायचा, साल बोटांनी चोळून काढायची, दाणा तोंडात. मग डाळं. मग पोहे मुठीनं. कढीपत्त्याचं पान आलं की नाकाशी न्यायचं आणि बाजूला टाकायचं. पिशवी संपली तेव्हा गुलाबी पायरीवर कढीपत्त्याची छोटी रास.

मला एकदम आमचा फळा आठवला. दर डिसेंबरात गॅदरिंगची यादी माझ्याच अक्षरात. कोळीनृत्य, लेझीम, नाटुकलं, समूहगीत. आणि सगळ्यात खाली खडू झिजत आला की 'इतर'. एक वर्ष सुताराची मुलगी उठून विचारत होती, "बाई, इतरमध्ये काय करायचं असतं?" मी मागे वळूनसुद्धा न बघता म्हटलं होतं, "पडेल ते." पडदा ओढणं, पाहुण्यांचे हार धरणं, सतरंज्या झटकणं. तिनं ते सगळं केलं आणि गॅदरिंगच्या एकाही फोटोत ती नाही. फोटो मीच अल्बमात चिकटवले होते, म्हणून माहीत.

त्यानंतर मी जरा निवांत झाले. म्हणजे खरं तर हसूच आलं. कारण सकाळपासून मीही पडेल तेच करत होते. फॅमिली तूजूहचे फोटो, कपल दुआचे फोटो, दुसऱ्या कपल दुआचे फोटो. "आंटी, एक मिनिट," आणि फोन हातात. मोकळं माणूस दुसरं होतंच कोण? पेट्रोनास टॉवरपाशी तर मी रीतसर धंदाच मांडला. अठ्ठ्याऐंशी मजले, 452 मीटर, माणसांसकट एका चौकटीत बसवायचे तर फोन जमिनीजवळ न्यावा लागतो. मी फरशीवर मांडी घालून बसले, फोन उलटा धरला आणि एकेका कुटुंबाला हुकूम सोडले. बा, हनुवटी वर. बेटा, डाव्या बाजूला सरक. हसणारी सून सगळ्यात शेवटी आली. तिचे चार काढले, चारही सुंदर. तिनं मला ठेपल्यांची पुडी दिली. माझा फोटो काढू का, असं मात्र तिलाही सुचलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

उतरताना गाइडनं हात जोडले. "लाइन काली, आंटी!" मी थबकले. आता काळी कोण? तो हसला, बस सुटली.

मन्या साडेदहाला आला. बॅग सोफ्यावर, बूट वाटेत. मी विचारलं, "लाइन काली म्हणजे काय रे?"

"पुन्हा कधीतरी. नेक्स्ट टाइम. इथे सगळे म्हणतात." फ्रिज उघडून आत बघत होता. "का गं? कसा झाला दिवस?"

"छान झाला."

पुढे सांगणार होते. माकडाचं सांगणार होते, कार्तिकस्वामीचं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खांद्यानं फोन कानाशी दाबून त्यानं डब्यातला उरलेला चिवडा ताटलीत ओतला आणि ओट्याशी उभ्यानंच खायला लागला. आधी शेंगदाणे. कढीपत्ता बाजूला.