लँकेस्टरची करडी बग्गी, काळी बग्गी

फिलाडेल्फिया मागे टाकून पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीत ३४० नंबरच्या रस्त्याला लागलं, की गाडीचा वेग उतरवावाच लागतो. पुढे घोडागाडी असते, तिच्या पाठीवर केशरी त्रिकोण. बर्ड-इन-हँड गावाच्या अलीकडे एका शेतात दहा-बारा वर्षांचा पोरगा उभ्यानेच सहा खेचरं हाकत जमीन भुसभुशीत करत होता. लगाम दोन्ही मुठींत, नजर सरळ तासावर. त्याचा सराईतपणा बघत मी बराच वेळ कुंपणापाशी थांबले.

इथे करड्या छताची बग्गी आमिशांची, काळी बहुधा जुन्या वळणाच्या मेनोनाइटांची. दोन्ही ख्रिस्ती पंथ; बग्गीवाले हे लोक मोटार बाळगत नाहीत. हे मेनोनाइट सायकल चालवतात. आमिश पोरं पायाने रेटायच्या स्कूटरवरून जातात. मेनोनाइटांच्या शेतात ट्रॅक्टर दिसतो, पण चाकं लोखंडी. रबरी टायर असले तर उद्या तोच ट्रॅक्टर मोटारीसारखा गावभर फिरेल, म्हणून ही अट.

दोघांचं मूळ एकच. जाणत्या वयात, स्वतःच्या मर्जीने बाप्तिस्मा घ्यायचा, एवढ्या आग्रहापायी सोळाव्या शतकात युरोपात यांच्या पूर्वजांचा छळ झाला. मेनोनाइट हे नाव नेदरलँड्सच्या मेनो सिमन्स या धर्मगुरूवरून आलं. १६९३ च्या सुमारास याकोब आमानचा गट वेगळा झाला, ते आमिश. पेनसिल्व्हेनियात धर्मस्वातंत्र्य मिळालं म्हणून अठराव्या शतकात ते इकडे आले. युरोपात आज आमिशांची एकही वस्ती उरलेली नाही.

आमिश म्हणजे लयाला चाललेला समाज, असं सर्रास बोललं जातं. ते साफ चूक आहे. २०२४ च्या अंदाजानुसार ते सुमारे ४ लाख आहेत, आणि दर वीसेक वर्षांत दुप्पट होतात. घरात सहा-सात मुलं, आणि त्यांतली बहुतेक मोठी झाल्यावर याच पंथात राहतात. साठ टक्क्यांहून जास्त लोक पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या तीन राज्यांत आहेत. एकट्या लँकेस्टर परिसरात चाळीस हजारांवर.

अडचण जमिनीची. रस्त्याकडेला अंडी आणि बीटचं लोणचं विकणाऱ्या बाईंना मी मुलांच्या शेतीबद्दल विचारलं. इथे आता परवडत नाही, धाकटा दीर न्यू यॉर्क राज्यात गेला, त्या म्हणाल्या. केंटकी, विस्कॉन्सिनमधल्या नव्या वस्त्यांमागेही बऱ्याच अंशी हेच कारण आहे. बाकीचे सुतारकामाकडे वळतात.

मेनोनाइटांचा पसारा फार मोठा. त्यांच्या नात्यातले सगळे पंथ धरले तर बाप्तिस्मा घेतलेले २० लाखांवर भरतात, तेही ऐंशीहून जास्त देशांत. बहुसंख्य आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत, चारचौघांसारखे कपडे घालून राहणारे. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइटांनी भारतात धान्य पाठवलं आणि १८९९ मध्ये आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छत्तीसगडमधल्या धमतरीत त्यांचं मिशन उभं राहिलं. तिथलं त्यांचं रुग्णालय आजही चालू आहे. पुढच्या भारतभेटीत नागपूरहून मी धमतरीला जाणार आहे.