माफी कुणी मागायची?

मंगळवार, २४ ऑगस्ट २०१०, हाँगकाँग

आज नारळी पौर्णिमा. भावाला मुंबईला फोन केला, पण राखीचं बोलणं दोन वाक्यांत आटोपलं. त्यानेही बातम्या पाहिल्या होत्या. आपल्या ओळखीचं कुणी नव्हतं ना, हेच तो परत परत विचारत होता. नव्हतं. पण काल रात्रीपासून या शहरात 'ओळखीचं' आणि 'अनोळखी' असा फरकच उरलेला नाही. आठ माणसं गेली. फिलिपिन्सची राजधानी मनिला बघायला गेलेली, उन्हाळी सुट्टीतली, मुलाबाळांसकट गेलेली माणसं.

काल सकाळी दहाच्या सुमारास मनिलाच्या जुन्या किल्ल्याजवळ रोलांडो मेंडोझा हा बडतर्फ पोलिस अधिकारी एम-१६ रायफल घेऊन हाँगकाँगच्या पर्यटकांच्या बसमध्ये शिरला. नोकरी परत द्या, ही त्याची मागणी. बस रिझाल पार्कपाशी नेऊन उभी केली. दिवसभरात काही जणांना त्याने सोडलंही. ऑफिसात कामं चालू होती, पण मधूनच कुणीतरी उठून सांगायचं, आणखी एक जण सुटला. दुपारी तर सगळ्यांना वाटत होतं की रात्रीपर्यंत बोलणी पूर्ण होतील आणि सगळे घरी येतील.

सातनंतर सगळं उलटलं. मेंडोझाचा भाऊही पोलिसच. त्याला मनिला पोलिसांनी धरून ओढत नेलं, तेही कॅमेऱ्यांच्या समोर, तो ओरडत असताना. आणि बसमध्ये टीव्ही होता. रायफल हातात असलेला माणूस आपल्या भावाला फरफटत नेताना पाहत होता. एका रेडिओवर तर तो त्याच वेळी थेट बोलत होता. त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या.

पुढचा तासभर आम्ही जे पाहिलं ते कुणालाही पाहायला लागू नये. पोलिस मोठमोठे घण घेऊन काचा फोडत होते. काच फुटायची, आणि मग आत कसं जायचं हे कुणालाच ठाऊक नसल्यासारखे सगळे मागे सरायचे. दाराला दोर बांधून ओढायला गेले, तर दोरच तुटला. पाऊस पडत होता, बघ्यांची गर्दी हटवायला कुणी नव्हतं. आत माणसं सीटमागे दबून बसली असणार, बाहेरचा प्रत्येक घाव त्यांना ऐकू येत असणार. माझ्या शेजारच्या चिनी आजी दार उघडं टाकून टीव्ही बघत होत्या. त्या टीव्हीशीच बोलत होत्या, मोठमोठ्याने. मला कँटोनीज जेमतेम येतं, पण 'लवकर, लवकर' एवढं कळत होतं.

मला सारखा नोव्हेंबर २००८ आठवत होता. तेव्हा मी दादरला होते. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना अख्ख्या देशाने थेट पाहिले, आणि पलीकडे फोनवर बसून हुकूम देणाऱ्यांनीही पाहिले. त्याला दोन वर्षंही झाली नाहीत. ओलीस धरणाऱ्याला बाहेरचं सगळं दिसत असतं, हा धडा जगासमोर होता. मनिलात तो कुणीच घेतला नव्हता. याचा मला कालपासून राग येतोय, आणि तो ओसरत नाही.

आजच इथला भुकेल्या भुतांचा सण. आपल्या पितृपक्षासारखाच, पूर्वजांना आणि वाली नसलेल्या आत्म्यांना जेवू घालायचा. संध्याकाळी हुंग होमच्या फुटपाथवर लोक पत्र्याच्या डब्यांत कागदी नोटा जाळत होते. एरवी बोलत, हसत जाळतात. आज कुणी बोलत नव्हतं.

आणि एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर आमच्याकडे राहणारी आंटी (मुलं तिला आंटीच म्हणतात) ओट्यापाशी उभी होती, डोळे सुजलेले. ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची. मला पाहिल्याबरोबर म्हणाली, "मॅम, सॉरी."

मी म्हटलं, "तू कशाला? तुझा काय संबंध?"

"तो आमचा पोलिस होता, मॅम. आणि वाचवायला आलेलेही आमचेच."

लिफ्टमध्ये शेजाऱ्यांसमोर उभं राहायला तिला भीती वाटत होती. मुलाला शाळेच्या बसपर्यंत मीच सोडून आले.

गुरुवार, २६ ऑगस्ट

काल रात्री शवपेट्या आल्या. विमानतळावर हाँगकाँग सरकारचे प्रमुख डोनाल्ड त्सांग स्वतः होते. सरकारने फिलिपिन्सला जाऊ नका असा काळा इशारा दिलाय, सर्वांत वरचा. झेंडे अर्ध्यावर आहेत.

दुःख सोमवारी होतं. राग मंगळवारपासून चढत गेला, आणि त्याला मुख्य कारण बंदूकधारी नव्हे. तो मेला. कारण नंतरचं सगळं. त्सांग त्या संध्याकाळी फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष अकिनो यांच्याशी फोनवर बोलू पाहत होते, पण बोलणं झालं नाही. मध्यरात्रीनंतर अकिनो पत्रकारांसमोर आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. आता ते म्हणतात, ते हसू आनंदाचं नव्हतं, वैतागाचं होतं. असेलही. काही माणसांच्या चेहऱ्याची ठेवणच तशी असते. पण ज्याची बायको, ज्याची मुलगी त्या बसमध्ये संपली, त्याने ते हसू कसं वाचायचं? शिवाय त्या गोळ्यांनी चाळणी झालेल्या बससमोर उभं राहून काही पोलिसांनी आणि विद्यार्थ्यांनी फोटो काढून घेतले. ते फोटो इथे सगळ्यांच्या फोनवर आहेत.

मुंबईकराला हे नवं नाही. ताजमधली धग विझली नव्हती, तेवढ्यात विलासराव देशमुख पाहणीला गेले आणि सोबत मुलगा आणि एक सिनेदिग्दर्शक होता. आबा पाटील मोठ्या शहरात असं घडतंच या अर्थाचं बोलून गेले. आठवड्याभरात दोघांच्याही खुर्च्या गेल्या. सुरक्षेतल्या ढिलाईबद्दल लोक चिडलेले होतेच, पण त्यांना रस्त्यावर आणलं ते या दृश्यांनी. मी ३ डिसेंबरला गेटवेला होते. एवढी गर्दी, आणि बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी मोर्च्याला आलेले.

आज मात्र मी त्या राजीनाम्यांकडे वेगळ्या नजरेने बघते. आबा पुन्हा गृहमंत्री आहेत, विलासराव दिल्लीत मंत्री. खुर्ची सोडणं आणि उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्हाला पहिलीवर गप्प करण्यात आलं.

रविवार, २९ ऑगस्ट

व्हिक्टोरिया पार्कपासून सेंट्रलपर्यंत चालून आले. आयोजक म्हणतात ८०,००० लोक होते. पांढरे, काळे कपडे, पिवळ्या फिती. इथे लोकशाहीवादी आणि बीजिंगवादी पक्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आज एकाच मोर्च्यात होते. फलकांवर एकच मागणी वेगवेगळ्या अक्षरांत: खरं काय घडलं ते सांगा. फिलिपिनो लोकांविरुद्ध एकही फलक मला दिसला नाही. असेल कुठे तर असेल, पण मी पूर्ण रस्ता चालले आणि मला दिसला नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आठवडाभर भीती तीच होती. या शहरात लाखाहून जास्त फिलिपिनो बायका घरकाम करतात. इथल्या मुलांना न्हाऊ घालतात, आजी-आजोबांना दवाखान्यात नेतात. रविवार त्यांची सुट्टी. सेंट्रलमधला चॅटर रोड रविवारी गाड्यांना बंद असतो आणि तिथे त्या पुठ्ठे अंथरून बसतात, डबे उघडतात, घरी पैसे आणि खोकी पाठवतात. मोर्चा संपायचा होता त्याच भागात. कुणाला नोकरीवरून काढलं, कुणाला रस्त्यात शिव्या दिल्या, अशा गोष्टी आठवडाभर कानावर येत होत्या. खऱ्या किती, अफवा किती, कोण सांगणार. माझ्या आंटीने आज बाहेर जायचं नाही असंच ठरवलं होतं. मी तिला जा म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. मी कोण सांगणारी? शेवटी मैत्रिणींबरोबर चर्चमध्ये गेली. त्यांच्याही प्रार्थना चालू आहेत, त्या आठ जणांसाठी. खुद्द फिलिपिन्सनेही बुधवारी राष्ट्रीय दुखवटा पाळला.

पण तिथेच मेंडोझाच्या शवपेटीवर राष्ट्रध्वज पांघरलेला फोटोही आला, आणि इथे परत आग. घरच्यांनी त्याला शहीद समजावं हे मी समजू शकते. घरचे दुसरं काय करतील. तो झेंडा वेळीच उतरवायला सरकारचं कुणी तिथे नसावं, हे मला समजत नाही.

सप्टेंबरअखेर

न्यायमंत्री लेला दे लिमा यांच्या चौकशी समितीचा अहवाल महिन्याभरात जाहीर झाला. हे मात्र मानलं. आपल्याकडे २६/११ च्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवाल कित्येक महिने विधिमंडळापुढेसुद्धा आला नव्हता.

अहवालात जे आहे ते वाचून झोप उडाली. बोलणी फिसकटत होती, त्याच वेळी महापौर आल्फ्रेदो लिम आणि घटनास्थळाचे पोलिस प्रमुख जवळच्या रेस्तराँमध्ये जेवायला गेले होते. राष्ट्रीय पोलिसांचं प्रशिक्षित पथक हाताशी होतं. ते न वापरता शहर पोलिसांचं पथक आत घातलं. लिम स्वतः माजी पोलिस अधिकारी. म्हणजे अनुभव नव्हता असंही नाही. टीव्हीवर तुटलेला दोर दिसला तेव्हा वाटलं होतं, साधनं नव्हती. साधनं होती. ती वापरायचा निर्णय घेणारी माणसं जागेवर नव्हती.

गुरुवार, २४ एप्रिल २०१४

जवळपास चार वर्षांनी या वहीत मनिलाबद्दल पुन्हा लिहितेय.

काल मनिलाचे आताचे महापौर जोसेफ एस्त्रादा आणि अकिनोंचे एक मंत्री इथे आले. वाचलेल्यांना आणि गेलेल्यांच्या नातेवाइकांना भेटले. एस्त्रादांनी मनिला शहराच्या वतीने माफी मागितली. भरपाईही दिली, रक्कम गुप्त. हाँगकाँगने काळा इशारा मागे घेतला. फेब्रुवारीत फिलिपिन्सच्या सरकारी पासपोर्टवाल्यांची व्हिसामाफी रद्द केली होती, तीही परत दिली.

कुटुंबांच्या मागण्या चारच होत्या: माफी, भरपाई, जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई आणि पर्यटकांची सुरक्षा. यातली एकही अवाजवी नव्हती. २०११ मध्ये इथल्या ज्यूरीने आठही जणांची बेकायदा हत्या झाली असा निकाल दिला, आणि तिथल्या यंत्रणेच्या चुकांवर बोट ठेवलं. तरी अकिनो एकच सांगत राहिले, की ते एका माणसाचं कृत्य होतं, देशाने माफी का मागायची.

रायफल एका माणसाची होती, हे कबूल. पण बाहेरचे अकरा तास एका माणसाचे नव्हते. ते सरकारचे होते. लोकांना माफी हवी होती ती त्या अकरा तासांची.

माझी एक सहकारी त्या मोर्च्यात माझ्याबरोबर चालली होती. आज जेवताना तिला विचारलं, आता समाधान वाटतं का? ती म्हणाली, महापौर आले हे चांगलं झालं, पण हे एस्त्रादा त्या दिवशी महापौर नव्हतेच. मग तिने हेही सांगितलं की गेल्या नोव्हेंबरात हैयान वादळाने फिलिपिन्सची वाताहत केली, तेव्हा तिने पैसे पाठवले होते. आमच्या ऑफिसात बऱ्याच जणांनी पाठवले. इथल्या सरकारनेही मदत मंजूर केली, आणि ती वादाच्या ऐन भरात. माझ्या दृष्टीने या शहराने चार वर्षांत केलेली ही सर्वांत मोठी गोष्ट. त्यांनी मनिलाच्या साहेबांचा राग टाक्लोबानच्या बुडालेल्या घरांवर काढला नाही.

अकिनो मात्र अजून आलेले नाहीत. त्यांची मुदत २०१६ च्या जूनपर्यंत आहे. म्हणजे दोन वर्षं आहेत हातात. त्यांनी यावं, त्या घरांमध्ये जाऊन बसावं, आणि जे म्हणायचं ते स्वतःच्या तोंडाने म्हणावं.